मॉडेल रेल्वेसाठी घाटाचा लेआउट करताय? खोलीच्या मोजमापात आणि बॅकड्रॉपच्या उंचीत या चुका टाळा

बहुतेक जण आधी ट्रॅक प्लॅन काढतात, सुताराला बोलावून बोर्ड ठोकून घेतात आणि बॅकड्रॉपचं, म्हणजे ट्रॅकमागच्या आभाळ रंगवलेल्या पडद्याचं, 'नंतर बघू' होतं. नंतर म्हणजे कधी, तर डोंगर, झाडं लावून झाल्यावर, जेव्हा मागच्या भिंतीपर्यंत हातच पोचत नाही.

उलट्या क्रमाने करा. भिंतीसमोर ताठ उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या डोळ्यांच्या लेव्हलला पेन्सिलने खूण करायला सांगा. साडेपाच फुटी माणसाची ती साधारण 62 इंचांवर येते. आता बोर्ड 48 इंचांवर आणि त्यावर 12 इंचांचा बॅकड्रॉप म्हटलं तर आभाळ 60 लाच संपलं, डोंगरामागे घरची भिंत आणि तिच्यावरचं कॅलेंडर. 24 इंच तरी ठेवा, 30 मिळत असतील तर सोडू नका. स्टुलावर बसून गाड्या चालवणार असाल तर कमी चालेल असं वाटतं, पण बघायला आलेले लोक उभेच असतात.

खरी गंमत घाटात आहे. समजा एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या 1:87 मापात, कर्जत ते लोणावळा करताय (आपल्याकडच्या निम्म्या लोकांच्या मनात हेच असतं). बोरघाटातला चढ 37 फुटांना 1 फूट. तोच ठेवून तीन भिंतींवरून 30 फूट लाइन फिरवली की वरच्या टोकाला ट्रॅक जवळपास 10 इंच चढलेला असतो. बॅकड्रॉपची वरची कड मात्र आडवीच, त्यामुळे कर्जतला 24 इंच आभाळ असेल तर लोणावळ्याला उरतं 14 आणि नागफणीचा सुळका नेमका त्याच बाजूला दाखवायचा असतो! म्हणून उंची नेहमी लोणावळ्याकडून मोजायची. कर्जत 42 ला, लोणावळा 52 ला, कड 76 ला, म्हणजे वरच्या टोकालाही 24 इंच हातात राहतात. डोंगर स्केलमध्ये करायच्या फंदात मात्र पडू नका, 300 मीटरचा डोंगर साडेतीन मीटरच्या आसपास जातो, छतच फोडावं लागेल. आणि सपाट प्लायवर घाट करू नका, ट्रॅकच्या खाली दरी दिसायला हवी, तर खाली नुसती फ्रेम ठेवून ट्रॅक ठोकळ्यांवर उचलून घ्या.

खोलीचं मोजमाप घेताना लोक लांबी-रुंदी घेतात आणि भिंतीवर काय आहे ते विसरतात. आपल्याकडे स्विचबोर्ड असतो चार-साडेचार फुटांवर, म्हणजे बरोबर आभाळात. इलेक्ट्रिशियनकडून आधीच हलवून घ्या, नाहीतर तेवढा तुकडा काढता येईल असा ठेवा. माळा असेल तर त्याची खालची कड मोजा. दार आत उघडत असेल तर तिथे फिक्स बोर्ड टाकूच नका, उचलता येणारा पूल करा.

वळणाचंही बघा, आयसीएफचा (जुन्या धाटणीचा प्रवासी) डबा एचओमध्ये साडेचोवीस सेंटीमीटर होतो, 18 इंच रेडियसवर तो कसाबसा वळतो पण दिसतो भयानक. 24 इंच घेतलं तर गोल फिरवायला साडेचार फुटी बोर्ड लागतो आणि तो भिंतीला चिकटवला तर मागे रुळावरून उतरलेला डबा उचलणार कोण? हात अडीच फुटांच्या पुढे पोचत नाही.

लाइट ट्रॅकच्या मागे नको, पुढे लावा, नाहीतर गाडीची आपल्याकडची बाजू अंधारात राहते. कोपऱ्यात काटकोन टाळून पातळ हार्डबोर्ड गोलाईत वाकवा आणि पावसाळ्याच्या आत दोन्ही बाजूंनी प्रायमर मारून घ्या, एका बाजूने मारला तर जुलैत पोट सुटतं त्याला.