वेल्सचा डोंगर पुन्हा मोजायचा तर

आधी लायडार डेटा (विमानातून लेझर मारून मोजलेल्या जमिनीच्या उंच्या) बघा, नकाशावर 608-609 मीटर लिहिलेले डोंगर शोधा, कारण तिथे 2000 फूट भरले की डोंगराला माउंटन म्हणतात, 2000 फूट म्हणजे 609.6 मीटर आणि सगळी भांडणं तिथेच होतात. मनिद ग्राइग गोख नकाशावर 609 होता, 2008 मध्ये मोजला तर 609.75 निघाला, झाला की माउंटन!

वर पोचलात की लेव्हल न् स्टाफ (आडवी रेषा दाखवणारी दुर्बीण आणि आकडे लिहिलेली उभी पट्टी) लावून सगळ्यात उंच नैसर्गिक जागा पकडा. लोकांनी रचलेला दगडांचा ढीग मोजायचा नाही हां. मग तिथे जीएनएसएस रिसीव्हर (जीपीएससारख्या उपग्रहांवरून उंची काढणारं यंत्र) ठेवा आणि दोनेक तास हलवू नका, वारा कितीही झोडपू दे. अँटेनाची जमिनीपासूनची उंची दोनदा मोजा, ती चुकली की सगळंच मुसळ केरात.

खरी डोकेदुखी खिंडीची. शेजारच्या जास्त उंच डोंगराकडे जाताना कमीत कमी जितकं उतरावं लागतं तो प्रॉमिनन्स, पण खिंड बहुतेक वेळा सपाट दलदल असते, नेमका पॉइंट कुठला तेच कळत नाही आणि बूट भरतात चिखलाने. 2000 फुटांवर असून प्रॉमिनन्स 15 मीटर भरला तर डोंगर नटल नावाच्या यादीत, 30 भरला तर ह्युइटच्या यादीत. मॅरिलिन या तिसऱ्या यादीला उंचीची अट नाही, फक्त 150 मीटरचा प्रॉमिनन्स हवा.