घोडी क्रॉसला नेण्याआधी

घोडीला लावायला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा आवडला म्हणून तिथंच बोलणी पक्की करू नका. दत्तजयंतीच्या त्या गर्दीत, साजशृंगार करून रेवाल या खास चालीत चालवला की कुठलाही घोडा राजबिंडाच दिसतो. मालकाचा नंबर घ्या आणि नंतर त्याच्या घरी जा. घोडा उघड्या पाठीनं बाहेर काढायला लावा, सरळ चालवून पुढून-मागून बघा, खुरं उचलून बघा, तोंड उघडून वरचे-खालचे दात जुळतात का तेही बघा. दोन्ही अंड खाली उतरलेले हवेत.

माझा घोडा मारवाडी. येणारा आधी कानांची टोकं जुळतात का बघतो, मग गळ्यावरचा, शुभ मानला जाणारा देवमण भोवरा शोधतो. बघा बापडे! मी म्हणतो, त्याची शिंगरं बघा. याच घोड्याची, पण वेगवेगळ्या घोडींच्या पोटची चार-पाच. सगळ्यांचे पाय सरळ असतील तर तो गुण बापाचा. आणि तुमच्या घोडीत जी खोड आहे तीच घोड्यात असेल, तर फुकट मिळाला तरी नको.

रक्ततपासणीचा कागद मागाच. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, आणि निदान झालं की जनावर मारावंच लागतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. मीही घोडीचा कागद बघितल्याशिवाय तिला दावणीला घेत नाही.

घोडा लावणाऱ्यांनो, चार वर्षांच्या आत घाई नको. हरभरा चारून फुगवलेला, दिवसभर बांधलेला घोडा कामाचा नाही. त्याला रोज फेर हवा.

दिवस मोठे होऊ लागले की घोडी नीट माजावर येते. फाल्गुनात फळली तर अकरा महिन्यांनी, उन्हाळ्याआधी शिंगरू उभं राहतं. माज पाच-सात दिवस टिकतो. आमच्याकडे मध्ये आडवी बल्ली असते, अलीकडे घोडी, पलीकडे घोडा. ती मागचे पाय फाकून शेपूट बाजूला घेते, थोडी थोडी मुतते, तेव्हा ती तयार. कान पाडून लाथ झाडली तर परत बांधायची, उद्या बघू. मागचे नाल आधीच काढून आणा. शेपटीला पट्टी गुंडाळायची, मागचा भाग साध्या पाण्यानं धुवायचा. घोडा चढल्यावर त्याची शेपूट लयीत वरखाली हलली की काम झालं. मग माज उतरेपर्यंत एक दिवसाआड.

पंधराव्या दिवसाच्या आसपास सोनोग्राफी करा. जुळं असेल तर डॉक्टर तेव्हाच एक काढू शकतो. ठेवलं तर बहुधा दोन्ही जातात. फीचं म्हणाल तर माझ्याकडे अर्धी आधी, अर्धी शिंगरू उभं राहून दूध प्यायल्यावर. घोडी उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, तर पुढच्या माजाला पुन्हा आणा, त्याचे पैसे नाहीत. हे सगळं कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी. भाऊबंद असले तरी.