हरवलेल्या लेन्सची भरपाई कशी मिळवली

ठाण्याच्या नौपाड्यातून नागपूरला भावाकडे कुरिअरने कॅमेऱ्याची लेन्स पाठवली, किंमत ४२ हजार. ट्रॅकिंगवर पार्सल भिवंडीच्या गोदामात पोचलं आणि तिथेच बसलं. मग एका सकाळी अचानक ‘डिलिव्हर्ड’! भावाच्या हातात काहीच नाही.

कस्टमर केअरला फोन करण्यात काही अर्थ नाही. दरवेळी नवा माणूस, आणि ‘चोवीस तासांत कळवतो सर’ हे जुनंच पालुपद. मी ईमेलवर एकच गोष्ट मागितली: डिलिव्हरीचा पुरावा, म्हणजे पीओडी. तो आला तर सही कुणा भलत्याचीच! बाजू पालटली ती इथून.

आता त्यांनी पावतीमागच्या बारीक अक्षरांतल्या अटी पुढे केल्या: जबाबदारी काही शे रुपयांपुरतीच, आणि दावा फक्त दिल्लीच्या कोर्टात. पण बुकिंग करतानाच मी पावतीवर लेन्सची किंमत लिहून घेतली होती, बिलाची प्रतही जोडली होती. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक घालून कंपनीला स्पीड पोस्टाने नोटीस धाडली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे इथे ठाण्यातच, ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, हे त्यात मुद्दाम लिहिलं. एवढ्या छोट्या रकमेला आयोगाची फीही लागत नाही.

आयोगात जायची वेळच आली नाही. लेन्सची पूर्ण किंमत खात्यात जमा झाली. कुरिअरचं भाडं मात्र अजून मागतोय.