एक तारखेच्या आधी: घरखर्चाचा हिशोब मोबाइलवर सुरू करताना

घरखर्चाचं ॲप दोन मिनिटांत डाउनलोड होतं. आमच्याकडे ते दोनदा झालं आणि दोन्ही वेळा नोंदी पंधरा दिवसांत थांबल्या. तिसऱ्या वेळी आधी आठवडाभर तयारी केली, तेव्हा हिशोब टिकला. म्हणून ॲप कोणतं ते नंतर बघा, आधी हे करा.

घरातल्या प्रत्येक खात्याचं गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढून घ्या, शक्यतो एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे आकडे पुन्हा टाइप करावे लागणार नाहीत. तीन महिन्यांचं पुरत नाही. जूनमधली शाळेची फी, उन्हाळ्यात भरलेलं वर्षाचं धान्य आणि मसाला, गौरी-गणपती, दिवाळी, गाडीचा विमा हे सगळं त्यातून निसटतं, आणि बजेट मोडतं ते याच खर्चांनी. ते वेगळे लिहा, बेरीज करा, बाराने भागा. समजा फी ३६,००० रुपये, विम्याचे हप्ते १८,०००, धान्य-मसाला ९,०००, सणवार २४,०००; एकूण ८७,०००. म्हणजे दरमहा ७,२५० रुपये आधीच बाजूला पडायला हवेत. हा आकडा पहिल्यांदा समोर आला तेव्हा महिनाअखेरीची आमची ओढाताण कुठून येते ते मला कळलं. या पैशांसाठी बँकेत वेगळं रिकरिंग खातं उघडलंत तर उत्तम.

मग साधन निवडा. मी गुगल शीट्स, म्हणजे गुगलचा मोफत ऑनलाइन तक्ता, सुचवेन. अमेरिकेतलं ‘मिंट’ हे लाखो लोक वापरत असलेलं मोफत ॲप मार्च २०२४ मध्ये बंद झालं. आपली वही आपल्या हातात असलेली बरी. ॲपच हवं असेल तर त्यातल्या नोंदी बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच दिवशी तपासा. शीट उघडल्यावर फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल, म्हणजे देश, ‘इंडिया’ करायला विसरू नका. ते अमेरिकेचं राहिलं तर ०५/०६ म्हणजे पाच जून न राहता सहा मे होतो आणि सगळ्या महिन्यांच्या बेरजा चुकतात.

युपीआयकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. स्टेटमेंटमध्ये पुष्कळदा दुकानाऐवजी मालकाचं नाव दिसतं, आणि महिन्याभराने तो भाजीवाला होता की इस्त्रीवाला, ते आठवत नाही. पैसे पाठवतानाच टिपेच्या जागी ‘भाजी’, ‘दूध’, ‘रिक्षा’ असा एक शब्द लिहायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्या. युपीआय लाइट (छोट्या खर्चांसाठी आधी पैसे भरून ठेवायची सोय) वापरत असाल तर बँकेच्या पासबुकात फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. पुढचा चहा, वडापाव, कोथिंबीर त्या ॲपच्या इतिहासातूनच शोधावी लागते. एटीएममधून काढलेल्या रोख पैशांचंही असंच होतं. घरकामाच्या ताईंचा पगार, दूध, पेपर हे रोखीने देत असाल तर काढलेली रक्कम ‘खर्च’ म्हणून लिहू नका. जिथे गेली तिथे लिहा. क्रेडिट कार्डावरची खरेदी त्याच दिवशी नोंदवा आणि बिल भरल्याची नोंद खर्चात धरू नका, नाहीतर तेच पैसे दोनदा मोजले जातात.

खर्चाचे प्रकार दहाच्या आत ठेवा. किराणा आणि भाजी वेगळी ठेवली तर फायदा होतो, साबण आणि शॅम्पू वेगळे ठेवून होत नाही.

ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल तर विचार करून द्या, कारण त्यात ओटीपीही येतात. नेटबँकिंगचा पासवर्ड मागितला तर ते ॲप लगेच काढून टाका. बँकेची खाती ॲपला जोडायचीच असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली चालणारी अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था आहे; ती तुमच्या संमतीने खात्याची माहिती ॲपपर्यंत पोचवते. तिथे पासवर्ड द्यावा लागत नाही आणि दिलेली संमती मागे घेता येते.

शेवटची तयारी जेवणाच्या ताटावर करा. शीट दोघांच्याही फोनवर उघडते ना, बघा. नोंद रात्री कोण करणार ते ठरवा. सासूबाईंना फोनवर लिहिणं नको वाटत असेल तर त्यांच्या वहीचा फोटो काढून घ्या. आमच्याकडच्या सगळ्यात नेमक्या नोंदी त्याच वहीत असतात. आणि पहिला महिना कुणालाही ‘एवढे कशाला खर्च केले?’ असं विचारायचं नाही, हे एकमेकांना आधीच सांगून ठेवा. तसं विचारलं की लोक नोंदी लपवू लागतात.