रामबागेतून लिमॉयला जायचं असेल तर

लिमॉय हे फ्रान्समधलं छोटं गाव. दोर्दोन्य आणि वेझेर या नद्यांचा संगम तिथे आहे. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या दोघी-तिघींनी तिथे कसं जायचं ते विचारलं, म्हणून नीट लिहिते.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून बोर्दोला वेगवान गाडी धरा, दोनेक तास लागतात. तिथून सार्लाच्या लोकल गाडीने ल ब्युइसाँला उतरा. पुढे टॅक्सी, ती मात्र आधी ठरवून ठेवा.

सामानात पोहे आणि जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, न्या. साजूक तूप, पेढे, मावा नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. ओला कढीपत्ताही नको.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. या भागात बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'साँ ग्रेस द कानार', म्हणजे बदकाची चरबी नको, हे पाठच करा. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! म्हणून मी स्वयंपाकघर असलेलं घरच भाड्याने घ्यायला सांगते. मंगळवारी जवळच्या ल ब्यूगला बाजार भरतो; भाजी, चीज आणि तिथले प्रसिद्ध अक्रोड तिथूनच घ्या.

दुकानात शिरताच आधी 'बोंझूर' म्हणा, मग मागा. आपल्याकडे दारात आलेल्याला 'या' म्हणतात ना, तितकंच ते महत्त्वाचं. दुपारी बारा ते दोन बरीच दुकानं बंद असतात, पाव सकाळीच आणून ठेवा.

संध्याकाळी संगमावर बसा. दोन पूल काटकोनात भेटतात, तिथून दोन्ही पाणी दिसतं.