गळती नव्हतीच!

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, नॉर्वेचं पार ईशान्य टोक. आम्ही चौघं मोटारहोम (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन वरांगरच्या किनाऱ्याने वार्दे या बेटावरच्या गावी पोहोचलो. बेटावर जायला समुद्राखालून जवळपास ३ किलोमीटरचा बोगदा आहे, १९८२ चा. नॉर्वेतला असा पहिलाच. असो.

सकाळी नळ खोकला आणि बंद पडला. गाडीखाली पाणीच पाणी. गळती समजून मी तासभर ओल्या डांबरावर पालथा पडून पाइप चाचपत होतो. सगळे ठणठणीत!

शेवटी सीटखालचा कप्पा उघडला. बॉयलरजवळच्या व्हॉल्व्हची गुंडी वर आलेली. आतलं तापमान साधारण ३ अंशांवर आलं की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं पाणी गाडीखाली सोडून देतो. नाहीतर पाणी गोठून टाकी फुटेल. गॅस वाचवायला रात्री हीटर बंद केला होता (ही अक्कल माझीच), त्यात कप्प्यात बूट आणि जॅकेटं कोंबलेली. ऊब पोहोचणार कुठून?

गुंडी दाबली, परत वर. "कपड्याचा चिमटा लाव की," मित्र म्हणाला. मी साफ नकार दिला. चिमट्याने संरक्षणच जातं, आणि नवा बॉयलर त्या टोकाला कोण आणून देणार?

कप्पा रिकामा केला, हीटर लावला, दोनदा चहा झाला. चहाचं पाणी अर्थात बाटलीतलं. कप्पा ७-८ अंशांपर्यंत तापल्यावर गुंडी टक्कन बसली. मग टाकी भरली. पुढे हीटर रात्रभर मंद चालू, बूट ड्रायव्हरच्या पायाशी.