या चुका टाळा: धुक्यातले भोंगे आणि रडारवरची ‘मोकळी जागा’

धुकं पडलं की जहाजावरचा नवा थर्ड मेट (तिसरा अधिकारी) आधी ब्रिजचं, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीचं, दार लावून घेतो (एसी चालू असतो ना!) आणि मग रडारला नाक लावतो. भोंगा ऑटोवर. आपला वाजतोय म्हणजे झालं. समोरचा काय वाजवतोय ते ऐकायला कोणी नाही.

ऐकलंच तर लगेच अंदाज. एक लांब, दोन आखूड आलं की ‘मच्छीमार, सर!’ अरे बाबा, समुद्रातली टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम ३५ पुन्हा उघड. तोच आवाज शिडाच्या बोटीचा, सुकाणू निकामी झालेल्याचा आणि मागे काही ओढत नेणाऱ्या टगचाही असतो. तो फक्त सांगतो, की मला चटकन बाजूला होता येत नाही.

कच्छच्या आखातात, जानेवारीतली सकाळ, साडेआठचा सुमार. पुढचं क्रेनसुद्धा धूसर. रडारवर समोर दोन ठिपके. पोरगा म्हणाला, ‘दोन मच्छीमार आहेत सर, मधून जाऊ, जागा आहे.’ मी बाहेर विंगवर (ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जात) उभा होतो. भोंगा एकाच ठिकाणाहून येत होता: लांब, आखूड, आखूड. दुसरा ठिपका गप्प. मासेमारी करणारा गप्प कशाला बसेल? इंजिन थांबवलं, मग थोडं अस्टर्न (मागे). दहाएक मिनिटांनी धुक्यातून टग निघाला, त्यामागे पाण्यात कधी बुडणारी, कधी वर येणारी तार, आणि तारेच्या टोकाला बार्ज, म्हणजे ओढून न्यायची सपाट मालवाहू बोट. बार्जवर माणूस नव्हता. असता तर टगच्या पाठोपाठ एक लांब, तीन आखूड ऐकू आले असते. पोरगं दिवसभर जेवलं नाही. ती ‘मोकळी जागा’ म्हणजे तार होती.

भोंगा पुढच्या बाजूला वाटला, तर नियम १९ वेग कमीत कमी करायला सांगतो, सुकाणू ऐकेल इतकाच; गरज पडली तर थांबायलाही. आवाजाची दिशा धुक्यात फसवते. ‘उजवीकडून आला’ म्हणून कोणी शपथ घेऊ नये.

दुसरी लाडकी चूक म्हणजे पोर्टला (डावीकडे) थोडंथोडं वळणं. २५ जुलै १९५६ ला अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ आंद्रेआ डोरिया हे इटालियन प्रवासी जहाज धुक्यात जवळपास २२ नॉटने (ताशी सुमारे ४१ किमी) चाललं होतं. समोर स्वीडिश प्रवासी जहाज स्टॉकहोम. दोघींकडे रडार. डोरियाने आधी पोर्टला चार अंश घेतले, शेवटी पुन्हा पोर्टलाच. स्टॉकहोम स्टारबोर्डला (उजवीकडे) वळली आणि टक्कर झाली. दोन्ही जहाजांवर मिळून ५१ माणसं गेली. चार अंशांचं वळण समोरच्याच्या रडारवर दिसतसुद्धा नाही. मी वळलो तर स्टारबोर्डला आणि भरपूर वळतो, तीस अंशांपेक्षा कमी नाही. कोणी हसलं तर हसू द्या.

‘आधी जायचा हक्क माझा आहे’ हे धुक्यात विसरा. एकमेकांना दिसत नसताना कोणालाच हक्क नाही. वळताना एक आखूड भोंगा देऊ नका, तो फक्त दिसत असताना. जहाज पाण्यात थांबलं की एकाऐवजी दोन लांब. ऑटोवाले हे नेमकं विसरतात. लांब म्हणजे चार ते सहा सेकंद. हाताने वाजवतो तेव्हा मी मनात पाच वेळा सावकाश ‘विठ्ठल’ म्हणतो.

आणि व्हीएचएफ रेडिओवर ‘पोर्ट टू पोर्ट’ (एकमेकांच्या डाव्या बाजूने जाऊ) असं ठरवू नका. पडद्यावर ठिपके चार असतात, आणि ‘ओके कॅप्टन’ म्हणणारा भलताच निघतो.